अंगणातली भाषा आणि सहा वर्षांखालचे मूल

माझी मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा बेळगावातल्या एका शाळेच्या नर्सरीत तिचे नाव घालण्यासाठी आम्ही दोघे तिला घेऊन गेलो. शाळेतल्या बाईंनी एक रंगीत चित्र तिच्यासमोर धरले आणि हे काय आहे, असे इंग्रजीतून विचारले. चित्र चिमणीचे होते. चिमणी तिला चांगली ठाऊक होती. घरी ती तिला चिऊ म्हणत होती, आजी चिमणी म्हणते हे तिला माहीत होते आणि शेजारच्या कन्नड अज्जींच्या अंगणात त्याच पाखराला ‘गुब्बी’ म्हणतात हेही तिच्या कानावरून अनेकदा गेले होते. एका पाखराची तीन नावे जवळ असलेली ही पोर त्या टेबलासमोर माझ्या पदराआड तोंड लपवून गप्प उभी राहिली. बाईंनी कागदावर काहीतरी नोंदवले आणि आम्हांला समजावून सांगितले की मुलीकडे शब्द कमी आहेत, तुम्ही आजपासून घरी तिच्याशी इंग्रजीतच बोला.

आम्ही ते मनावर घेतले. आम्ही दोघेही मराठी माध्यमात शिकलेलो आहोत. नवरा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात आहे, मी एका पतसंस्थेत काम करते आणि इंग्रजीवाचून कुठे अडते हे दोघांनीही सोसलेले आहे. म्हणून साधारण दोन महिने आम्ही ठरवून मुलीशी इंग्रजीत बोललो. त्या दोन महिन्यांत मला एक गोष्ट हळूहळू उमगली. आमच्याजवळ होते ते इंग्रजी हुकमांचे होते. कम, सिट, ईट, डोन्ट टच, से थँक यू एवढ्यात आमचा दिवस संपत असे. रुसलेल्या मुलीची समजूत काढायची कशी, पावसात भिजून आलेल्या मांजराबद्दल हळहळायचे कसे, मामाच्या गावच्या विहिरीची गोष्ट रंगवून सांगायची कशी, तिने विचारलेल्या ‘का’ला अर्धे खरे आणि अर्धे गमतीचे उत्तर द्यायचे कसे, यांतले काहीच आम्हांला त्या भाषेत येत नव्हते. त्यामुळे आम्ही ते करणेच सोडून दिले. सासूबाईंनी तर आपले काही चुकेल या धास्तीने नातीशी बोलणेच कमी केले. एका संध्याकाळी मी कामावरून परतले तेव्हा मुलगी कोपऱ्यात बसून तिच्या चिंध्यांच्या बाहुलीला मराठीत काहीतरी भराभर सांगत होती, आणि मला दारात पाहताच ती मध्येच थांबली. आपल्याच घरात आपली भाषा आईपासून लपवायची असते, एवढे आम्ही तिला दोन महिन्यांत शिकवले होते. त्या रात्रीपासून आम्ही तो प्रयोग बंद केला.

हा अनुभव आमच्या एकट्याच्या घरचा असता तर तो सार्वजनिक चर्चेत आणण्याचे कारण नव्हते. परंतु शहापूर, वडगाव, अनगोळपासून ते खानापूर आणि निपाणीपर्यंत मराठी घरांमध्ये आज हेच घडते आहे आणि त्याबद्दल आपण बोलत नाही. सीमाभागात भाषेवर जितके बोलले जाते तितके क्वचितच कुठे बोलले जात असेल; पण ते सारे बोलणे पाट्या, परिपत्रके, मोर्चे, शाळांची माध्यमे आणि न्यायालयातील दावा यांबद्दलचे असते. तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलाशी कोणी, किती आणि कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. माझे म्हणणे असे आहे की सीमाभागातला खरा भाषाप्रश्न याच वयात सुटतो किंवा बिघडतो, आणि तो आपण पालक, अंगणवाड्या व नर्सऱ्या मिळून आज बिघडवत आहोत.

लहान मूल शब्द पाठ करून भाषा शिकत नाही, हे त्याला वाढवणारा प्रत्येकजण रोज पाहत असतो. मागच्या पावसाळ्यात येळ्ळूरच्या वाटेने जाताना मी मुलीला शिवार दाखवून म्हटले, “हा बघ भात.” तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “मग आपण जेवतो तो भात इथूनच शिजवून आणतात काय?” मी सांगू लागले की शेतातला भात कापतात, मळतात, भरडतात, मग त्याचे तांदूळ होतात आणि तांदूळ शिजवले की परत भात होतो. त्या ‘परत’ शब्दावर ती अडली. जी वस्तू एकदा तांदूळ झाली ती पुन्हा भात कशी होईल, हे तिला पटेना. आणि खरे पाहता तिची शंका रास्त होती, कारण उभे पीक आणि ताटातले अन्न या दोन्हींना आपण एकच नाव दिले आहे. घरी आल्यावर तिने शेजारच्या अज्जींना हाच प्रश्न घातला. अज्जींनी आपल्या मोडक्या मराठीत सांगितले की आमच्यात तसे नाही. शेतात असते ते भत्त, पोत्यात असते ती अक्की आणि ताटात वाढतात ते अन्न. मुलीने दोन्ही घरांचा हिशेब आपल्या परीने जमवला आणि पुढचे कित्येक दिवस ती ‘शेतभात’ आणि ‘ताटभात’ असे आपणच घडवलेले दोन शब्द वापरत होती. वस्तू एक, तिच्या अवस्था तीन, आणि नावे माणसांनी ठेवलेली, ही समज तिला पाचव्या वर्षी त्या दोन अंगणांत आली. नर्सरीच्या पुस्तकात वाटीभर पांढऱ्या दाण्यांचे चित्र असते आणि खाली ‘राइस’ एवढाच शब्द असतो. तो तिने एका दिवसात पाठ केला. त्यावरून तिला एकही प्रश्न पडला नाही.

मुलाचा प्रश्न हीच त्याच्या शिक्षणाची खूण मानली पाहिजे. ज्या भाषेत मूल प्रश्न विचारू शकते, हट्ट करू शकते, खोटे सांगून पाहू शकते आणि आपले दुःख सांगू शकते, त्या भाषेतच त्याची विचार करण्याची सवय वाढते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये म्हटले आहे की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहा वर्षांआधी होतो. आणि तेच धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच शिकण्याचे माध्यम असावे असेही सांगते. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच मातृभाषा हेच मुलाच्या शिक्षणाचे उत्तम माध्यम असल्याचे मत नोंदवले होते. पण या दाखल्यांपेक्षाही मला एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. वाचायला शिकणे म्हणजे कागदावरच्या अक्षरांत आपल्या ओळखीचा आवाज सापडणे. ज्या मुलाने ‘चिमणी’ हा शब्द शंभर वेळा ऐकला आहे, ते मूल ‘चि’, ‘म’, ‘णी’ अशी अक्षरे जुळवता जुळवता एकदम थबकते आणि त्याचा चेहरा उजळतो. ज्याने तो शब्द कधी ऐकलेलाच नाही, ते मूल अक्षरे बरोबर जुळवते आणि तरीही त्याच्या हाती काहीच लागत नाही. आपल्याकडे चौथी-पाचवीपर्यंत पोहोचलेली, घडाघडा वाचणारी आणि वाचलेले काय ते सांगू न शकणारी मुले दिसतात, त्यांचा प्रारंभ इथे झालेला असतो.

कायद्याकडे पाहिले तर एक चमत्कारिक पोकळी दिसते. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १ नोव्हेंबर १९५६ पासून राज्यांची पुनर्रचना राज्यघटनेत उतरवली आणि बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले, त्याच दुरुस्तीने ३५०-क हे कलमही घटनेत आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. नव्या सीमांमुळे मुलांवर काय ओढवेल याचा विचार त्या काळच्या माणसांनी केला होता, याबद्दल मला आजही आदर वाटतो. मात्र हे कलम प्राथमिक टप्प्यापासून सुरू होते. शिक्षण हक्क कायदा प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई करतो. पण त्याच्या व्याख्येतले मूल ६ ते १४ वर्षांचे आहे. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी घटनेच्या ४५ व्या कलमात संगोपन आणि शिक्षणाचे आश्वासन आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे आणि भाषेबद्दल ते काही बोलत नाही. ज्या वर्षांत मूल सर्वांत जास्त शिकते, त्याच वर्षांत त्याच्या भाषेला कायद्याचे पाठबळ सर्वांत कमी आहे, आणि म्हणून माझ्या तीन वर्षांच्या मुलीसमोर ते चित्र धरण्याचे धैर्य कोणालाही होऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात असा निर्णय दिला की प्राथमिक शाळांवर मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवण्याचा अधिकार पालकांचा आहे. या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात. परंतु त्याचा एक परिणाम मी मान्य करते: निवड आपली ठरल्यावर तिची जबाबदारीही आपली ठरते. मुलीशी दोन महिने इंग्रजीत बोलायला मला कोणत्याही सरकारने भाग पाडले नव्हते.

याच संदर्भात अंगणवाडीचा विचार झाला पाहिजे, कारण ज्यांना नर्सरीची फी परवडत नाही त्यांची मुले तिथे जातात. ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठी मातीतला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या कल्पनेतून अंगणवाडी उभी राहिली. खडे, पाने, बिया, शंख-शिंपले अशा मुलांच्या हाताशी असलेल्या वस्तूंवर त्यांचे शिक्षण चाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा हे नाव देशभर गेले आणि आज कन्नडमध्येही तोच शब्द रूढ आहे. शब्द सीमा ओलांडून गेला, त्याचा अर्थ मात्र वाटेत कुठेतरी निसटला. मुलाच्या अंगणात जाणे म्हणजे त्याच्या गल्लीत एक खोली बांधणे एवढेच नव्हे. त्या अंगणात जे बोलले जाते ते ऐकणे आणि तिथूनच बोलायला सुरुवात करणे हे त्यात गृहीत होते.

आमच्या भागातल्या ज्या अंगणवाड्या मी पाहिल्या आहेत, तिथे सेविका कोणत्या भाषेची असेल हे बरेचसे योगायोगावर असते. कुठे मराठी वस्तीत मराठी बोलणारी सेविका आहे आणि मुले तिच्या अंगाखांद्यावर खेळतात. कुठे सेविकेला मराठी समजते पण बोलण्याचा धीर होत नाही. मग गाणी कन्नडमध्ये होतात, मुले हातवारे बिनचूक करतात आणि गाणे कशाबद्दल होते हे त्यांना सांगता येत नाही. उलटही घडते: मराठीबहुल गल्लीतले एखादे कन्नड घरातले मूल दारापाशी बसून राहते, आणि त्या मुलाचे एकटेपण माझ्या मुलीच्या गप्प राहण्याहून वेगळे नसते. यात सेविकेला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पोषण आहार, लसीकरणाची आठवण, वजनाच्या नोंदी, गरोदर स्त्रियांच्या घरभेटी आणि वरून येणारी सर्वेक्षणे एवढे सारे तिच्या एकटीच्या माथ्यावर असते. प्रश्न तिच्या नेमणुकीचा आणि प्रशिक्षणाचा आहे. वस्तीतली मुले घरी कोणती भाषा बोलतात याची नोंद ठेवणे, सेविका आणि मदतनीस या दोघींपैकी निदान एकीला ती भाषा सहज बोलता येईल असे पाहणे, आणि कन्नड चित्रपुस्तकांच्या शेजारी दहा मराठी चित्रपुस्तके ठेवणे, यांसाठी कोणताही सीमावाद सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला त्या २००४ साली जन्मलेली मुले आता मतदार झाली आहेत; त्यांचे बालपण कोणासाठी थांबले नाही.

आपल्याच लोकांतून मला एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो मी गांभीर्याने घेते. अंगणवाडीत दोन्ही भाषा चालवा असे म्हणणे म्हणजे कन्नडसक्तीला मागच्या दाराने वाट देणे, असे काहींना वाटते. सक्तीचा अनुभव ज्यांना आला आहे त्यांचे हे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. मराठीतून कागद मागणाऱ्या माणसाला कचेरीत काय ऐकून घ्यावे लागते हे मला माहीत आहे. पण सक्ती आणि शेजार यांतला फरक मुलांकडून शिकण्यासारखा आहे. माझी मुलगी अज्जींना “हालू बेड, चहा पाहिजे” असे सांगते तेव्हा तिच्यावर कोणी कन्नड लादलेले नसते. दूध नको हे ज्या माणसाला सांगायचे त्याला कळेल अशा भाषेत सांगावे, एवढेच तिला कळलेले असते. चहा मिळणार नाही हे मात्र तिला दोन्ही भाषांत ऐकावे लागते. आपली चिऊ-काऊची गोष्ट अज्जी कागक्का-गुब्बक्का म्हणून सांगतात. आपल्या गोष्टीतला कावळा बाप्या आहे, त्यांच्या गोष्टीत दोघी अक्का आहेत. या फरकावरून मुलीने दोन्ही घरांत मोठा वाद घातला आणि शेवटी कावळ्याला बहीण असली पाहिजे असा निकाल दिला. आपली ‘ताई’ त्यांच्याकडे ‘तायी’ होऊन आई होते, आपले तूप त्यांचे ‘तुप्प’ आहे, आणि ‘ळ’ हा वर्ण तर दोघांच्याही मुलांना सारखाच उशिरा जमतो. मराठी पक्की असलेल्या मुलाला कन्नड जवळची वाटते. मराठीच डळमळीत असलेल्या मुलाला कन्नड, इंग्रजी आणि पुढे हिंदीही सारख्याच परक्या राहतात. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड हा विषय पहिलीपासून सर्व शाळांत आला आहे. त्याला आपल्या मुलांनी घाबरून सामोरे जावे की ओळखीने, हे त्याआधीच्या तीन वर्षांत ठरते. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड कवितेसाठी मिळाला. घरच्या मराठीने त्यांची कन्नड अडवली असे कोणी म्हणू शकत नाही.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा आहे आणि तो अधिक अवघड आहे, कारण त्याच्यामागे पोटाची काळजी आहे. वडगावात मागावर बसणारा बाप पोटाला चिमटा घेऊन मुलाची फी भरतो ती, आपण जिथे अडकलो तिथे हा अडकू नये म्हणून. त्याला मातृभाषेचे महत्त्व व्यासपीठावरून सांगणाऱ्या पुष्कळांची स्वतःची मुले इंग्रजी शाळेतच असतात आणि हे त्याला दिसते. मी त्याला इंग्रजी सोडायला सांगत नाही. इंग्रजी चांगली यावी, आणि ज्याला ती चांगली येते अशा शिक्षकाकडून यावी. पण ती चांगली यावी म्हणून घरातली बोलती भाषा बंद करणे हा उपाय उलटा आहे. आई-बापांना जी भाषा येत नाही तिच्यात ते मुलाला फक्त आज्ञा देऊ शकतात, आणि आज्ञांवर वाढलेले मूल आज्ञा पाळण्याइतकीच इंग्रजी शिकते. मुलाखतीत, वरच्या वर्गात, नोकरीत लागते ती इंग्रजी कारण सांगणारी, शंका घेणारी, एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडणारी असते. ती मांडणी मूल प्रथम आजीला दिवसभराची हकिकत सांगताना शिकते. शाळा इंग्रजी माध्यमाची निवडली असली तरी संध्याकाळचे ते दोन तास कोणत्याही शाळेला देऊ नयेत, आणि शाळेने ते मागितले तर नम्रपणे नाही म्हणावे. मोबाइललाही देऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर जास्तीत जास्त एक तास, आणि तोही कमी केला तर बरा, असे सांगितले आहे.

घाईबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. पहिलीत जाणाऱ्या मुलाला १ जूनला सहा वर्षे पूर्ण असावीत असा नियम कर्नाटकात आला तेव्हा दोन-चार महिने कमी पडणाऱ्या मुलांच्या पालकांनी मोठी ओरड केली, आणि २०२५-२६ या वर्षापुरती सरकारला सवलत द्यावी लागली. माझ्या मुलीलाही दोन महिने कमी पडतात. भेटेल तो हळहळतो की पोरीचे एक वर्ष वाया जाणार. त्या वर्षात ती काय करते हे मी रोज पाहते. आजीबरोबर पावट्याच्या शेंगा सोलताना ती किडके दाणे वेगळे करते आणि ते किडके का, याचा जाब विचारते. पोळ्या मोजून कोणाला किती हे ठरवते, आणि एक कमी पडली की ती कोणी खाल्ली याचा तपास लावते. चपलेचा पट्टा स्वतःच लावायचा म्हणून मला सकाळी दहा मिनिटे दारात उभी करते. पूर्वी मी त्या दहा मिनिटांत तिच्या हातातून पट्टा ओढून घेत असे आणि कामावर वेळेत पोहोचत असे. आता मी दहा मिनिटे आधी उठते. मोजणी, वर्गीकरण, कारणमीमांसा आणि हाताची पकड यांना शाळेत ‘पूर्वतयारी’ म्हणतात आणि त्यासाठी वह्या विकत घ्यायला लावतात.

सरकारी शाळांतही आता एलकेजी-युकेजीचे वर्ग निघू लागले आहेत. ते निघावेत, खासगी नर्सरीची फी भरून पिचणाऱ्या घरांना त्यांचा आधारच होईल. पण हे वर्ग ज्या मराठी गावांत आणि गल्ल्यांत निघतील तिथे मुलांशी कोणत्या भाषेत बोलले जाणार, हे विचारण्याची वेळ वर्ग उघडण्याच्या आधीची असते. पाट्या लागल्यावर, पुस्तके आल्यावर, शिक्षिका नेमल्यावर तो प्रश्न पुन्हा मोर्चाचा होतो आणि मुले तोवर मोठी होतात. येत्या ग्रामसभांमध्ये, प्रभागाच्या बैठकांत आणि पालकांच्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर असावा असे मला वाटते, आणि तो मांडताना आपल्या गल्लीतल्या कन्नड आणि उर्दू घरांतल्या आयांना बरोबर घेऊन जावे, कारण दारापाशी एकटे बसणारे मूल त्यांच्याही घरचे असू शकते. शेजारच्या अज्जींना मी हे बोलून दाखवले तेव्हा त्या लगेच म्हणाल्या की मी येते, आणि सभेत मराठी कोण बोलणार, कन्नड कोण बोलणार, याची वाटणीही त्यांनीच करून टाकली.